दिगूला राहायला घर, विकायला नाही

मी, वैजयंती हिंदुराव बंडगर, वय ६८, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्या हृदयाबद्दल डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितले आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे भाच्याच्या नावावर होते, आणि तेव्हा भाचा सिनेमात होता.

१. शुक्रवार पेठेतील दोन खोल्यांचे घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझा भाऊ बापूसाहेब याचा मुलगा दिग्विजय, म्हणजे दिगू, याला त्यात तहहयात राहण्याचा हक्क राहील. विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क त्याला राहणार नाही. त्याच्या पश्चात घर त्याची बहीण पूनम हिच्या मालकीचे होईल.

आत्याने अविश्वास दाखवला असे कोणी म्हणू नये. ही अट दिगूनेच घालायला लावली. मी कागद काढले तेव्हा तो म्हणाला, "आत्या, माझ्या नावावर काही करू नको. बरा असलो तर मला लागणार नाही, आणि बरा नसलो तर मी विकीन." मी म्हणाले, "मग राहशील कुठे?"

२. शिवणयंत्र पूनमला. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे मी यावरच शिवत असे. दिगू पाचवीपासून शिकायला माझ्याकडे होता. पहिल्याच नाटकात तो संवाद विसरला आणि घाबरून गावच्या बोलीत मनाचेच बोलत सुटला. "म्हाराज, मला लई भूक लागलीय, लढाई जेवून करू की!" मुख्याध्यापक हसून हसून खुर्चीतून खाली यायचे राहिले. पोराला त्या दिवशी टाळ्यांची चव लागली. ती वाईट होती असे मी आजही म्हणणार नाही.

३. माळ्यावरची ट्रॉफी दिगूची आहे. पहिल्याच सिनेमात मेंढपाळाच्या मुलाच्या भूमिकेसाठी ती मिळाली. कोकरू खांद्यावर कसे घ्यायचे हे त्याला शिकवावे लागले नाही, घरची मेंढरे होती. त्या सिनेमानंतर तो मुंबईला गेला, मालिकेत रोज दिसू लागला. रात्रंदिवसाच्या शूटिंगमध्ये जागे राहायला कोणीतरी गोळी दिली, मग झोपायला दुसरी, मग पावडर. कोणी दिली हे मला ठाऊक नाही. घेतली त्यानेच. सेटवर जाईनासा झाला तेव्हा मालिकेत त्याला अपघातात मारून टाकले. शेजारच्या कमलम्मा रडत माझ्या दारात आल्या, "बाई, दिगूच्या फोटोला हार घातला हो!" मी मुंबईला फोन लावला. तो जिवंत होता, एवढेच.

परत आल्यावर त्याने माझ्या पाटल्या विकल्या, मिक्सर विकला. ट्रॉफीही नेली होती, पण भंगारवाल्याने घेतली नाही. दिगूला नको असेल तर ती माळ्यावरच राहू द्यावी.

४. वडिलांची घोंगडी बापूसाहेबास द्यावी. तिच्यावर त्याचा हक्क आहे; तो माझ्याशी बोलत नाही म्हणून हक्क जात नाही.

तो का बोलत नाही, हे लिहून ठेवते. जुळे सोलापूर भागातल्या एका औषधाच्या दुकानात तोंडाला टॉवेल बांधून एकजण शिरला, गोळ्यांसाठी त्याने चाकू काढला आणि दुकानदार शिवपुत्र हत्तुरे यांच्या हातावर वार केला. पोलिसांनी मला कॅमेऱ्यातले चित्र दाखवले. चेहरा दिसत नव्हता. पण चोरी करायला आलेला तो माणूस दाराबाहेर चपला काढून आत गेला होता. ही सवय मी लावलेली. मी म्हणाले, "हा दिगू आहे." कोर्टातही तेच सांगितले.

बापूसाहेब कोर्टाच्या आवारात ओरडला, "सोताच्या भाच्याला जेलात घातलंस? तुला पोर असतं तर कळलं असतं!" सिनेमा आला तेव्हा यानेच गावात फ्लेक्स लावला होता, आणि त्यावर पोरापेक्षा स्वतःचा फोटो मोठा होता. अटकेनंतर तोच फ्लेक्स उलटा करून कडब्यावर टाकला. बापूसाहेब, मला पोर होते, त्याच्या पाचवीपासून; हे तुला सांगायचे राहिले. तुरुंगाच्या भेटीला दर वेळी मी गेले, तू गेला नाहीस. तरी घोंगडी घे. थंडीत तुझे गुडघे दुखतात.

५. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी वरील शिवपुत्र कल्लप्पा हत्तुरे यांना नेमते. वकिलांनी मला दोनदा विचारले, "बाई, नक्की हेच का?" नक्की हेच. दिगू रडू लागला की घरातले सगळे विरघळतात. तो नट आहे, आणि चांगला नट आहे. शिवपुत्रांची दोन बोटे अजून वळत नाहीत. ते विरघळणार नाहीत.

मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, मला त्याचं तोंड बघायचं नाही. माफ केलं असं कुणाला सांगू नका." मी उठू लागले. तेव्हा म्हणाले, "बसा हो. घर मोडू देणार नाही, तेवढं बघतो की." मी त्यांची ऋणी आहे.

६. बँकेतील शिल्लक पूनमकडे राहील. दिगू गेल्या वर्षी सुटला. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर एकदा घसरला आणि स्वतःच्या पायांनी परत केंद्रात गेला. आता मांडववाल्याकडे कामाला जातो. लग्नघरात लोक ओळखतात, फोटो मागतात, तो डोक्यावर कनात घेऊन उभा राहतो. पुन्हा उपचार लागले तर खर्च यातून व्हावा. कितव्यांदा, हे पूनमने मोजू नये.

७. माझ्या चितेला अग्नी दिगूने द्यावा. भावकी आडवी येईल, येऊ द्यावी. त्या दिवशी तो शुद्धीत नसेल, तर अग्नी पूनमने द्यावा. मात्र त्याला दारातून परत पाठवू नये. सावलीत बसवावे, पाणी द्यावे, आणि सगळे उरकल्यावर त्याला घरी घेऊन यावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

वैजयंती हिंदुराव बंडगर (सही)

साक्षीदार:
१. कमलम्मा, शेजारी, शुक्रवार पेठ (सही)
२. तिप्पण्णा, निवृत्त मुख्याध्यापक (सही)

सोलापूर, दि. १४ नोव्हेंबर २०२५