सुधा एकटी शिकागोला

२ फेब्रुवारी १९९६, जयनगर
तिकीट आलं. बंगलोर–मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो. मंजूचे दिवस भरत आलेत, लेकीजवळ कुणीतरी हवं. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणजे मी इथेच. सुधा एकटी जाणार. विमानात कधी पाऊल ठेवलं नाही तिनं. तसं मीही नाही. उभी नोकरी विमानांचे पंख जोडण्यात गेली, बसायची वेळ आली नाही.

४ फेब्रु.
मंजूच्या जुन्या पृथ्वीगोलावर दोरा लावून पाहिला. सरळ गेलं तर चौदा हजार कि.मी.च्या आसपास. पण सरळ जातंय कोण. थांबे धरून सव्वा दिवस.
सु. म्हणाली, “माहेरची नागपूरची गाडी रखडली की एवढाच वेळ लागतो. त्यात काय.”
म्हणाली खरी. जेवली नाही नीट.

९ फेब्रु.
विमानतळावर सोडून आलो. आत जाताना वळून पाहिलं नाही तिनं. बरंच झालं.

११ फेब्रु., सकाळ
जावयांचा फोन. मुंबईहूनच उशीर झाला, फ्रँकफर्टचं पुढचं विमान चुकलं असणार. शिकागोला उतरलेल्यांत सुधा नाही. मंजूला कळा सुरू, दवाखान्यात नेलंय.
आईला बोललो नाही. शेजारच्या गौरक्कांनी विचारलं, “सुधा पोहोचल्या?” म्हटलं, स्वल्प उशीर आहे. कुणाला फोन करायचा तेही…

त्याच दिवशी, संध्याकाळ
सुधा फोनवर. “अहो, मुलगी झाली. मी होते मंजूजवळ.”
दोघी सुखरूप.
फ्रँकफर्टच्या काउंटरवर बाई म्हणाली, उद्या जा. ही म्हणाली, “माय डॉटर, बेबी, टुडे.” आणि तिथून हललीच नाही. शेवटी न्यूयॉर्कवरून जागा मिळाली. तिथे विमान बदललं, सामान उचलून पुन्हा दिलं.
विचारलं, “सगळं इंग्रजीत?”
“इंग्रजीत. अडलं तिथे मराठीत.”
फोन ठेवला आणि आधी आईला सांगितलं.

१२ फेब्रु.
गौरक्का, दूधवाला, औषधांचं दुकान, सगळीकडे सांगून आलो. दुकानदार म्हणाला, “नात झाली, अभिनंदन.” म्हटलं, ते आहेच, पण आमच्या हिनं फ्रँकफर्टला काय केलं ते ऐका. तीन गिऱ्हाइकं खोळंबली. खोळंबू देत.

३ मार्च
सु.चा फोन. मंजूला ती अजून चार-सहा महिने हवीय. “राहीन मी, पण तुम्ही या. कुठे काय विचारायचं ते मी सांगते ना.” मला शिकवतेय. ऐकायला फार बरं वाटलं.
आई पडल्या पडल्या ऐकत होती. “काय म्हणते?”
“बोलावतेय.”
गौरक्का म्हणाल्या, “मी आहे, रात्रीला बाई ठेवू.” आईनं माझा हात धरला. “किती वेळ लागतो जायला?”
“सव्वा दिवस.”
“मग जाऊन ये.”
हात मात्र सोडला नाही.