पाहुण्यांना आधी राजवाडा दाखवला

११ जानेवारी १९९७

आज वर्गात भुवनानं विचारलं, "मॅडम, देशाला व्यापारी तूट असते, तशी जिल्ह्याला असते का?"

असते की! तंजावूरहून तांदूळ जातो, नारळ जातो. येतं काय? साबणापासून सायकलपर्यंत सगळं. मधली तूट भरायला आपण पोरं पाठवतो आणि ती मनीऑर्डरी पाठवतात. याचा हिशेब कोणी ठेवत नाही. इतकी वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे, पण हे पुस्तकात कुठं नाही. बाकीच्या मुली हसल्या. मला चीड आली. मराठी अक्षरं या घरात माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून इथं ओकून टाकते.

१५ जानेवारी

पोंगल झाला. शेजारच्या राजमचे तिन्ही मुलगे आले तसे गेले. दोन मद्रासला, एक तिरुप्पूरला. "एवढे मुरुक्कू तळले, वत्सला. डबा तसाच राहिला," म्हणाली.

मोटारी मद्रासजवळ, फोन मद्रासजवळ, पगार मद्रासजवळ. नव्या धोरणानं देश उघडला म्हणतात — उघडला तो बंदराच्या बाजूनं! आम्ही भाताचं कोठार. कोठारात कोणी दिवा लावत नाही.

हरितालाही तिकडून बोलावणं आलंय. श्रीपेरुम्बुदूरची कंपनी, मुलींना वसतिगृह. माझी एकुलती एक लेक इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा काय वसतिगृहात राहायला शिकली? मी म्हटलं, थांब, इथं काहीतरी निघेल. "सरी, अम्मा," म्हणाली. समजूतदार आहे.

१८ जानेवारी

निघालं! हे वकिलीपेक्षा नागरिक समितीत जास्त रमतात, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. मोटारींच्या वायरी बांधणारी एक कंपनी जागा शोधते आहे. तीनशे मुलींना काम. बुधवारी दोन साहेब येणार. वल्लम गावाच्या पुढचा माळ दाखवायचा. तिथं भात पिकत नाही, वीज आहे, रस्ता आहे. हरिता घरीच राहील.

समितीला मी बजावलं, आधी माळ, मग जेवण. समितीतले रामस्वामी म्हणाले, "पाहुण्यांना उपाशीपोटी माळावर न्यायचं? बरं दिसेल कां?" पण कबूल झाले. हरिताचं इंग्रजी चांगलं, म्हणून ती साहेबांच्या गाडीत बसणार.

२२ जानेवारी

सगळं मुसळ केरात!

मी सकाळपासून चुलीपुढं. साहेब दुपारी आमच्याकडं जेवायला आले तेव्हा वाटलं, माळ बघून आले. पानावर बसल्यावर रामस्वामी कौतुकानं सांगायला लागले — गाडी आधी राजवाड्यात गेली, मग सरस्वती महालातलं ग्रंथालय, मग मोठं देऊळ. कोणता राजा कुठं बसत असे तेसुद्धा आमच्या यांनी दाखवलं! मागच्या गाडीत समितीचे पाच जण होते. एकाला वाटलं नाही की थांबवावं. आमच्या लोकांना राजवाडा दिसला की घड्याळ दिसत नाही. राज्य जाऊन किती पिढ्या झाल्या, यांची मिरवणूक चालूच.

आणि पानावरच्या पाहुण्याला घाई करायची नाही, ही आमची रीत. मी डोळ्यांनी खुणावते आहे, आणि हे सुरळी पोळीवर तूप वाढतायत! जेवून साहेब पेंगले. माळावर पोचले तोवर परतीच्या रेल्वेची वेळ झाली. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत.

"पोरीच्या पोटावर पाय दिलात तुम्ही," मी यांना म्हटलं. हे नुसते हरिताकडे बघत राहिले. कोर्टात तोंड चालतं, घरात शिवण घातलेलं.

६ फेब्रुवारी

कारखाना श्रीपेरुम्बुदूरलाच. साहेबांनी यांना फोनवर सांगितलं, "तुमचं गाव फार सुंदर आहे. त्याला कारखान्याची दृष्ट लागू नये."

वा! सुंदर गावाला पोट नसतं? देऊळ बघायला यायचं, सुरळी पोळी खायची, आणि कारखाना तिकडे काढून आमच्याच पोरी न्यायच्या. म्हणे दृष्ट!

७ फेब्रुवारी

यांच्याशी बोलत नाही. कॉफीही हरिताच्या हातून पाठवते.

१० फेब्रुवारी

भुवनाची जागा रिकामी. तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात लागली. परीक्षा तोंडावर आली आहे! वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. मैत्रीण म्हणाली, "इथं थांबून काय करणार, मॅडम?" वल्लमचा माळ इथून बसनं किती लांब आहे? घरी येऊन भांडी आपटली. यांनी पेपर तोंडापुढं धरला.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी हरितासमोर पुन्हा यांचा उद्धार चालला होता माझा. ती म्हणाली, "अप्पांना बोलू नको, अम्मा. गाडी राजवाड्याकडं घ्या म्हणून ड्रायव्हरला मीच सांगितलं. अप्पांना त्याच दिवशी कळलं होतं."

कां, विचारलं.

"इथं कारखाना आला असता, तर तू मला कधी जाऊ दिलं असतंस?"

तीनशे पोरींचं काम! — ओरडायला तोंड उघडलं. भुवनाचा चेहरा समोर आला. मी अडवून धरलेल्या एका पोरीपायी गेलं ते.

यांना कॉफी आज मी नेऊन दिली. हरिता आतल्या खोलीत बॅग भरते आहे.