जुनं नाव द्राक्षाकडे राहिलं

२ मार्च, रविवार. पिनर, लंडन.
इरा आणि निको जेवायला आले होते. लग्न बहुतेक सप्टेंबरात. जाता जाता दारात इरा म्हणाली, "आई, निकोच्या बाबांना चर्च हवंय. जस्ट सो यू नो."
ती गेल्यावर फोनवर वाचत बसले. त्यांच्या ग्रीक चर्चमध्ये लग्न लावायचं तर आधी बाप्तिस्मा, आणि त्यात म्हणे नवं नाव. धर्माचं मला तितकं नाही. पण माझ्या मुलीचं नाव कुणी बदलायचं नाही.
श्री. म्हणाला, "तुझंही बदललंच ना? काय बिघडलं?" आणि टीव्ही लावला.

४ मार्च.
काय बिघडलं! डिग्रीवर शैला, पासपोर्टवर अनघा. या देशात नोकरीसाठी प्रत्येक हॉस्पिटलला कागद दाखवले, की या दोघी एकच बाई. नाव सासूबाईंनी निवडलं, श्री.ने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, सगळे खूश. मला कुणी विचारलं नाही. मीही गप्प बसले, त्याचा राग जास्त.

८ मार्च.
उद्या एजवेअरला, निकोच्या वडिलांकडे. श्री.ला बजावलंय, तांदळाचा विषय काढायचा नाही. आपणच त्यांना कल्पना कशाला द्या?

९ मार्च, रविवार.
काढलाच. पहिल्याच ग्लासला.
निकोचे वडील यानिस. साधा माणूस, सारखं वाढत होते. वाइन त्यांच्या गावची, नेमेआची. श्री.ने नावाचा अर्थ विचारला. ते हसले. गाव मुळात सेंट जॉर्जच्या नावाचं. जवळच पुराणातली नेमेआ, देवळाचे खांब अजून उभे. म्हणून सरकारने ते जुनं भारदस्त नाव गावाला चिकटवलं. "नोबडी आस्क्ड माय ग्रँडफादर." तिथल्या द्राक्षाच्या नावाला मात्र कुणी हात लावला नाही. ते अजून आयोर्गीतिको, म्हणजे सेंट जॉर्जच्या गावचं.
झालं, श्री. खुशीत. आमच्यात बायकोचं नाव बदलतात, तांदळात लिहून! मी टेबलाखालून लाथ मारली, ती बिचाऱ्या निकोला बसली.
यानिस माझ्याकडे वळले. "अँड युअर ग्रेप, डॉक्टर? व्हॉट वॉज इट कॉल्ड?"
"शैला." इरा बघतच राहिली. तिने ते नाव फक्त सर्टिफिकेटवर पाहिलेलं.
मग विचारूनच टाकलं, बाप्तिस्म्याचं. यानिस गोंधळले. लग्न रजिस्ट्री ऑफिसातच, चर्चमध्ये नंतर जाऊन निकोच्या गेलेल्या आईसाठी मेणबत्ती लावायची, एवढंच त्यांच्या मनात. "इरा इज इरा."
हुश्श! आठवडाभर उगाच जीव टांगणीला. दुसरा ग्लास घेतला, तिसराही.
गाडीत इरा म्हणाली, "आई, लग्नात आपण ते तांदूळवालं ताट ठेवू या. मी इराच लिहिणार. आणि तू पण तुझं जुनं नाव लिहायचं."
श्री. गाडी चालवत होता. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवायला विसरला.

१० मार्च.
सकाळी खालून हाक आली, "शैला, चहा!" तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. मी जिन्यातच थांबले. या नावाने मला हाक मारणारं कुणी उरलेलंच नव्हतं, आईनंतर.
त्याने पुन्हा हाक मारली. जरा भीत भीत.