पन्नास पानांचा पुडा

प्रिय दुर्गा,

माझ्यासोबतचा मुखरू धान कापायला गावी निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. फोनच केला असता, पण तू रेंजसाठी टेकडीवर उभी राहिलीस की माय, चैतू आणि अजून दोघंतिघं कान लावून असतात. शिवाय गणित फोनवर सांगता येत नाही. लिहायला बसलो की माझं मले-तुले आपोआप मला-तुला होतं. शाळेची तेवढीच सवय उरली आहे, हसू नको.

तू पाठवलेला सहामाहीच्या पेपरचा फोटो मी मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. खाली तू लिहिलं होतंस, "दादा, मी आता होस्टेलात जात नाई. मले राजकोटले बोलाव." आधी ते वाचलं, मग गणित. एका हंगामात ४.२ गुणिले दहाचा सातवा घात इतकी तेंदूपाने गोळा झाली, एका पुड्यात ५० पाने, तर पुडे किती? तू सरळ ५० वर काट मारून ७० केलंस. उत्तर आलं सहा गुणिले दहाचा पाचवा घात, आणि सरांनी दिलं शून्य. मायने पुढचंही सांगितलं. सर म्हणाले, प्रश्नात दिलं तेच घ्यायचं. तू म्हणालीस, "सर, प्रश्नच चुकला. पन्नासचा पुडा नेला तर पानं घेतात त्या फळीवर मुंशी फेकून देते." पोरं हसली. सर म्हणाले, मग पुढचा पेपर तूच काढ. आणि तू पेटी उचलून घरी आलीस.

पुडा सत्तरचाच, त्यात वाद नाही. मे महिन्यात ओसरीत बसून तू पाच-पाच पानं चौदा वेळा ठेवायचीस आणि मी मधे बोलून तुला चुकवायचा प्रयत्न करायचो. तू चुकायची नाहीस, उलट "गप रे दादा, तुह्या पुड्यात अडुसष्टच आहेत" म्हणायचीस, आणि माय मोजायची तर खरंच अडुसष्ट निघायची. जो हात कधी पन्नासवर थांबला नाही तो पेपरात तरी कसा थांबेल. पण इथे भद्रावतीचा दिनेश आहे, आयटीआय झालेला. तो म्हणतो, तिकडे छत्तीसगडात पुडा पन्नासचा बांधतात. म्हणजे गणित खोटं नव्हतं, आपल्या गावचं नव्हतं एवढंच.

घात म्हणजे काय ते मला या वयात कळलं, तेही दिनेशमुळे. इथे कारखान्यात स्क्रू बनतात. ते कोणी मोजत बसत नाही. शंभर मोजून काट्यावर टाकायचे, मग अख्खी पेटी टाकायची, काटा सांगतो किती. माझं काम पेटी उचलायचं. रिकामा असलो की मोबाइलवर गुणत बसतो, दिवसाला इतके, वर्षाला इतके, हजार वर्षांना इतके. एकदा आकड्यांत इंग्रजी ई उगवला. मला वाटलं मोबाइल गेला. दिनेश म्हणाला, "अबे, बिघडला नाई. हा ई म्हणजे दहाचा घात. तुह्या बहिणीच्या पेपरात हेच तं आहे." मग त्याने तुझा पेपर पाहिला. म्हणाला, हिनं ०.६ चं सहा केलं आणि घात सहावरून पाचवर आणला, इथंच तं सगळे पडतात.

नंतर मी ५० घेऊन स्वतः करून पाहिलं. दोन दिवस लागले. ४.२ ला ५ ने भागलं, ०.८४ आलं. पन्नासातल्या दहामुळे सातातून एक घात गेला, सहा उरले. मग टिंब एक घर उजवीकडे, घात एकाने कमी. ८.४ गुणिले दहाचा पाचवा, म्हणजे आठ लाख चाळीस हजार पुडे. दिनेशने बरोबरची खूण केली. चोविसाव्या वर्षी पहिली. तू असं कर, आधी त्यांच्या पन्नासने सोडव, खाली एक ओळ सोडून लिही, आमच्याकडे पुडा सत्तरचा, म्हणून सहा लाख. दोन्ही बरोबर आहेत. सर काय करतील ते त्यांचं ते बघतील.

मी नववीतून उठलो तेव्हा घरी सांगितलं होतं की सरांनी मारलं. कोणी मारलं नव्हतं. सर विचारायचे, समजलं का, मी म्हणायचो, हो. वर्षभर हो म्हणत राहिलो, आणि एक दिवस वर्गात बसणंच जमेना. तेव्हापासून कुठेच जमत नाही. खम्ममला मिरची तोडायला, मग सुरत, मग हैदराबाद, आता हे. तू सरांना 'नाही' म्हणालीस. ते मला कधी सुचलंही नव्हतं.

आता मुद्द्याचं. विक्की ठेकेदार या आठवड्यात घरी येईल. मायला सांगेल, पॅकिंगला पोरी पाहिजेत, दुर्गाचं नाव यादीत आहे. तुला वाटेल, माझा मेसेज वाचून दादानं केलं. तसं नाही. ते नाव मी दसऱ्याच्या आधीच दिलं होतं, तुझा पेपर व्हायच्याही आधी. वय अठरा सांगितलं. जेवताना समोर घरचं कोणी असावं असं वाटत होतं, दुसरं कारण नाही. इथल्या मॉलचं, सिनेमाचं फोनवर जे सांगायचो ते त्यासाठीच होतं. मी दोन्ही बाहेरूनच पाहिले आहेत. काल विक्कीला फोन करून तुझं नाव काढायला लावलं. तो म्हणाला, "काऊन बे, तूच तं मागं लागला होता." मी म्हटलं, ती पंधरा वर्षांची आहे. तो म्हणाला, "हे तवा नाई माहीत होतं का?" मी फोन ठेवला. तरी तो येईलच, त्याला जागा भरायची असते. तू त्याच्या गाडीत बसू नको. सोमवारी सकाळच्या एसटीने होस्टेलला जा. माझ्यावर रागावून गेलीस तरी चालेल, पण जा.

तुझाच दादा,
लोकेश