घासलेली नाणी

१४ मार्च, शनिवार, दुपार

ताई,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. बाबांचा खोकला थांबला. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. भाऊजींना नमस्कार, मुलींना पापा. झालं? आता लिहिते.

"तुझ्या हाती सोनं दिलं तरी त्याची तू माती करशील." तू हे म्हणालीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तुझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी मी तुझ्या नव्या तपकिरी बुटांना मोठ्या कौतुकाने काळं पॉलिश लावून ठेवलं होतं. मंगळवारी फोनवर तू पूर्ण वाक्य म्हणाली नाहीस. "तू ना..." एवढंच म्हणालीस आणि फोन ठेवलास. पुढचं मला पाठ आहे.

म्हणून पत्र लिहितेय. ते मध्येच बंद करता येत नाही. फाडता येईल, पण तेवढे कष्ट तू घेणार नाहीस.

मला राग आलाय, ताई. शनिवारची सुट्टी घेऊन राग लिहायला बसलेय, इतका. आणि आधी एक सांगून टाकते, कपाट रिकामं करायची यादी तू पाठवली होतीस. अठरा कलमं, लाल खुणांसकट. "पहिल्या तारखेपर्यंत बाबांची खोली रिकामी करायची. बाबांच्या कामाचा डबा भंगारात." बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं हे तू आणि भाऊजींनी ठरवलंत, खोली बघितलीत, अनामत भरलीत आणि मग मला कळवलंत. मी सकाळी सात ते संध्याकाळी पाच हॉटेलात कामाला असते, तेवढ्या वेळासाठी बाबांजवळ मावशी लागतात, आणि मावशींचा पगार आपल्या दोघींना मिळूनही झेपत नाही, हे खरं आहे. मी भांडले नाही. हो म्हटलं आणि डबा उघडला.

पान्हे काढले, तेलकट फडकं काढलं. खाली पुड्या. बाबा ज्या वजनाच्या यंत्रांची दुरुस्ती करायचे, त्यातून तिकीट यायचं ना, जाड पुठ्ठ्याचं? तशा कोऱ्या तिकिटांच्या दुमडून केलेल्या पुड्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख आणि यंत्राची जागा. "बसस्टँड, डावीकडचं." "दवाखान्याचा व्हरांडा." "पोहण्याचा तलाव, बायकांची बाजू." आत एकेक नाणं. एकशे त्रेसष्ट पुड्या. पंचेचाळीस वर्षं त्या माणसाने अडकलेली यंत्रं उघडली आणि ज्या नाण्यामुळे यंत्र अडकलं ते जपून ठेवलं. एकावर दोन्ही बाजूंना आकडाच. एकाचा ठसा सरकून निम्मा बाहेर गेलेला. एक तर बिस्किटाचा तुकडा मोडावा तसं एका कडेने तुटकं. आणि सगळी काळी, चिकट, तेलाने माखलेली.

मी तुला फोटो पाठवला. एकोणीस दिवस ज्या ताईचा फोन नव्हता तिचे त्या दिवशी तीन आले. भाऊजींनी कुठेतरी वाचलं की टाकसाळीत चुकलेल्या नाण्यांना वेडे लोक वाटेल ती किंमत देतात. "विकून टाक," तू म्हणालीस, "आणि जरा नीट माणसासारखी घेऊन जा, नाहीतर तुला कोणीही गंडवेल." मी मनातल्या मनात मावशींचे महिने मोजत होते. एक वर्ष मिळालं तरी बाबा इथे राहतील, त्यांच्या खिडकीपाशी. मला दुसरं काही नको होतं.

आणि मग मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी आठ बायकांकडून हॉटेलातल्या सगळ्या मुठी, नळ, जिन्याचे कठडे चकचकीत करून घेते. डाग दिसला की माझा हात आपोआप जातो. तीन संध्याकाळी मी पेस्ट आणि मऊ फडकं घेऊन बसले. नाणी अशी लखलखली की मावशी म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आत्ताच जन्मली!"

नाणीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. माणूस बारीक, कपाळावर भिंग चढवलेलं. मी डबा उघडला. त्याने एक नाणं उचललं, भिंगाखाली धरलं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. चौथ्यानंतर उचलणंच थांबवलं.

"कोणी घासली?"

"मी."

"सगळी?"

"सगळी," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं, ताई.

त्याने भिंग परत कपाळावर चढवलं. मग म्हणाला, "बाई, माणसाच्या अंगावरचं कातडं काढून मग त्याला ओळखा म्हटलं तर कसं ओळखायचं? हा काळा थर म्हणजेच नाण्याचं वय. पेस्टने तो गेला, वर ओरखडे आले. आता घेणारे घेतील, पण गंमत म्हणून."

"कितीला?"

त्याने आकडा सांगितला. मावशींचे चार महिने.

"आणि घासली नसती तर?"

"कशाला विचारता?"

मी हट्टाने विचारलं. तीन वर्षं, ताई. मावशींची तीन वर्षं. वर त्याने विचारलं, "आणि ज्यात गुंडाळलेली होती ते कागद? तारखा असतील तर थोडं तरी सावरता येईल." कागद मी केरात टाकले होते. सोमवारी केराची गाडी येऊन गेली होती.

हे मी तुला मंगळवारी सांगितलं, आणि तू म्हणालीस, "तू ना..."

तुला माझ्यावर चिडायचा हक्क आहे? सहा वर्षांत तू चारदा आलीस. चारही वेळा हॉटेलात उतरलीस, कारण "इथे गैरसोय होते." बाबा समोर बसलेले असताना तू मला विचारतेस, "त्यांनी औषध घेतलं? त्यांना झोप लागते?" त्यांना विचार ना! जीभ जड झालीय, माणूस जड झालेला नाही. मागच्या खेपेला वृद्धाश्रमाचा विषय तू त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी राहून काढलास आणि मी डोळ्यांनी खुणावलं तर म्हणालीस, "अगं, त्यांना काय कळतंय?" तेव्हापासून हे वाक्य माझ्या छातीत खडा होऊन बसलंय. हे पत्र खरं तर त्या वाक्यासाठी लिहायला घेतलं होतं. तुला चांगलं झापायचं, पाच-सहा पानं, आणि सही ठोकायची.

पण मंगळवारी मी तुला सगळं सांगितलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी नाणी घासायला घेतली तेव्हा बाबा शेजारीच होते. तिसऱ्या की चौथ्या नाण्याला त्यांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट, उजव्या हाताने. म्हणाले, "नको." मग पुष्कळ वेळ शोधून दुसरा शब्द काढला, "तसंच."

नको. तसंच. आणखी किती स्पष्ट सांगायचं माणसाने?

मी म्हटलं, "बाबा, हात काढा, पेस्ट लागेल." त्यांनी काढला नाही. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, खुर्ची वळवली आणि टीव्ही लावून दिला. मावशी निघता निघता म्हणाल्या, "त्यांना आवडत नाहीये वाटतं." आणि मी फडक्यावर पेस्ट घेत म्हटलं, "अहो, त्यांना काय कळतंय?"

तुझंच वाक्य, शब्दन्‌शब्द. ते म्हणताना मला काही वाटलंसुद्धा नाही. बाबा पुढे दोन संध्याकाळी टीव्हीकडे तोंड करून बसले होते, आणि मी त्यांच्या पाठीमागे त्यांचं आयुष्यभराचं काम घासत होते. मला तुझा राग येतो तेव्हा तो इतका ओळखीचा का वाटतो, ते आता कळलंय.

अजून एक. पुड्या एकशे त्रेसष्ट मोजल्या होत्या, घासून झाल्यावर नाणी भरली एकशे चौपन्न. मोजताना चुकले असेन म्हटलं. बुधवारी मावशींना बाबांच्या उशीखाली चष्म्याचं जुनं घर सापडलं. आत नऊ पुड्या. मी कामावर असताना हा माणूस चालण्याची काठी टेकत डब्यापर्यंत गेला आणि माझ्यापासून जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवून आला.

काल मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून नाणीवाल्याकडे नेलं. तिथे ते स्वतःहून चष्म्याचं घर उघडून बसले. नाणीवाल्याने हातही लावला नाही, त्यांच्या तळव्यावरच भिंग धरून विचारलं,

"बाबा, हे कुठलं?"

"बसस्टँड," बाबा म्हणाले. "अडकलं."

"मग तुम्ही घरी आणलंत? कंपनीने विचारलं नाही?"

बाबा हसले, ताई. किती दिवसांनी! म्हणाले, "माझं टाकलं. त्याच्या जागी." आणि बोटाने नाणं यंत्रात सोडल्याची खूण केली. एकशे त्रेसष्ट वेळा पदरचं नाणं टाकलं त्यांनी. आईला हे माहीत असतं तर तिने त्यांनाच यंत्रात टाकलं असतं.

नाणीवाल्याने मला बाजूला घेऊन नऊ पुड्यांची किंमत सांगितली. चौदा महिने. "पण त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी घेणार नाही," म्हणाला. तिऱ्हाईत माणूस, आणि त्याला हे सुचलं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, "बाबा, विकायची?" उत्तराची वाट बघितली. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मग ते म्हणाले, "नको." मी मान डोलावली. आणि तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "माझं कपाट कुठे गेलं?"

ताई, आपण त्यांना सांगितलेलंच नाही. तू नाही, मीही नाही. रोज एकेक कप्पा रिकामा होताना ते बघत होते, आणि मी "साफसफाई" म्हणत होते.

घासलेली एकशे चौपन्न मी काल विकली. आलेले पैसे मावशींसाठी वेगळे ठेवलेत, चार महिन्यांचे आहेत. ती नऊ बाबांकडे आहेत आणि त्यांच्याकडेच राहतील. भाऊजींना हा मूर्खपणा वाटेल. वाटू दे. चार महिन्यांनंतर काय, हे तू विचारशील. मला माहीत नाही. कदाचित वृद्धाश्रमच. त्यांचं उत्तर "हो, जातो" असंही असेल, आणि तसं असलं तर मी स्वतः त्यांची बॅग भरीन.

एक मागते. पहिल्या तारखेला गाडी पाठवू नकोस. त्याऐवजी तू ये. हॉटेलात उतरू नकोस, माझ्या पलंगावर झोप, मी खाली झोपेन. त्यांच्या पाठीमागे नको, समोर खुर्ची घेऊन बस आणि त्यांना विचार, जायचं का. त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो. कधी पाच मिनिटं, कधी तास. तेवढा वेळ फोन न बघता, माझ्याकडे न बघता, त्यांचं वाक्य आपण पुरं न करता बसून राहा.

तू नाही म्हणशील. मार्चअखेर आहे, गुडघा आहे, मुलींच्या परीक्षा आहेत. सगळी कारणं खरी आहेत, मला तोंडपाठ आहेत. तरी लेखी मागून ठेवते. ये.

तुझ्यावर अजून चिडलेली,
तुझी धाकटी