कंधारचा किल्ला, वटवाघळांसकट

लातूर, संक्रांतीनंतरचा रविवार

चि. सोमेश यास,

मावशीचे आशीर्वाद (पत्र संपेपर्यंत राखून ठेवले आहेत). माझे गुडघे ठीक आहेत, तुझी अक्कल कशी आहे ते कळव. कंपनीतली चांगली नोकरी सोडून पुण्यात अत्तरं करत बसलास, आणि ‘जुन्या जागांचे वास’ म्हणून मला बाटली पाठवलीस. तुझ्या आईने मला बजावलं आहे, ‘तो तुझंच ऐकतो, तेव्हा खरमरीत लिही आणि त्याला नोकरीवर परत धाड.’ म्हणून लिहिते.

परवा माझ्याकडे हळदीकुंकू होतं. गुलाबाचं अत्तर ऐन वेळी संपलं, म्हणून तुझा ‘कंधारचा किल्ला’ उघडला. (आधी हुंगायला हवा होता, पण मला सर्दी, शिवाय भाच्यावर विश्वास ठेवण्याची खोड.) पहिला हात खालच्या मजल्यावरच्या नीलाबाईंचा. माझ्या घरचं काही त्यांना आवडल्याचं आजवर ऐकिवात नाही. त्यांनी हात नाकाशी नेला आणि थबकल्या. आता ही बाई गल्लीभर माझी शोभा करणार, हे मी ओळखलं.

“बाई, हे तर कंधार हाय,” त्या म्हणाल्या. “वटवाघळासकट.”

आणि मटकन बसून हसायलाच लागल्या. लग्न झाल्यावर शेषेराव त्यांना किल्ला दाखवायला घेऊन गेले होते म्हणे. वटवाघळं उडाली, तसे हे गृहस्थ नव्या नवरीला तिथंच टाकून थेट एसटी स्टँडवर. मग मुखेडच्या पंचफुलाने हात पुढे केला, आणि हा किल्ला कसला, हे आमच्या माहेरचं धान्याचं पेव आहे, म्हणून भांडायला उठली. एरवी बायका पाच मिनिटं टेकतात, वाण घेतात आणि पुढचं घर गाठतात. इथून कोणी हलेना. तिळगूळ संपला, चिवडा संपला. शेवटी समोरच्या राजकन्याबाई स्वतःच्या ओस पडलेल्या हळदीकुंकवाला कुलूप लावून पाहुण्या शोधत आल्या, आणि हात पुढे करून त्याही बसल्या.

माझ्या घरची शिस्त बिघडवल्याबद्दल तुझा निषेध. शिवाय किल्ला अपुरा आहे. बाहेरच्या गाड्यावरची भजी कुठे गेली?

राखून ठेवलेले आशीर्वाद आता घे.

तुझी मावशी

ता. क. आईला पहिलाच परिच्छेद वाचून दाखव. मावशी फार रागावली म्हणावं. नोकरीचं नाव काढलंस तर खरंच रागवेन. बाटली संपली, आणि नीलाबाई दुसरी मागताहेत. माझ्याकडे मागताहेत, हे लक्षात घे.

ता. क. २. आमच्या कॉन्व्हेंटच्या व्हरांड्याचं अत्तर जमेल का? फिनेल, मेणबत्त्या, आणि शिक्षेला उभं असताना सिस्टरांच्या स्वयंपाकघरातून येणारा केकचा वास. केक आम्हाला कधी मिळाला नाही, तेव्हा तो जरा सढळ हाताने घाल.