केकच्या भांड्यातला दक्षिण ध्रुव

प्रिय ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार (पाठ वाकत नाही, म्हणून कागदावरच).

सातवी-आठवीचा वर्ग एकत्र बसवला होता, त्या दुपारी आपण दोघी व्हरांड्यात उभ्या होतो, आठवतं? आपल्या कॉन्व्हेंटातल्या भूगोलाच्या मदर सांगत होत्या, की ढगांच्याही खूप वर वारा हिवाळाभर पश्चिमेकडून वाहतो आणि उन्हाळ्यात उलटा, पूर्वेकडून. तू हात वर करून विचारलंस, "ऋतू बदलला हे वाऱ्याला कोण सांगतं?" मदर म्हणाल्या, बाहेर उभी राहून विचार कर. मी नुसती हसले, म्हणून मीही बाहेर. तू मुसमुसत होतीस आणि मी तुझ्या वेणीची रिबन बांधत होते. खरं सांगू? मला ती शिक्षा फार आवडली होती.

तुझा ऑपरेशनचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घाल. रविवारी येऊन बाबांचा रेकॉर्ड प्लेअर नेणार, असं तू लिहिलंस. त्याविषयी शेवटी लिहिते.

तर गेल्या महिन्यात लायब्ररीत एक पुस्तक हाती लागलं. त्यात लिहिलं होतं, की हा वरचा वारा फिरत्या भांड्यातल्या पाण्यातही दाखवता येतो. भांडं म्हणजे पृथ्वी, मधोमध ध्रुव. मग मला कुठला धीर! मधे नळी असलेलं माझं केकचं भांडं काढलं, त्यात कोमट पाणी ओतलं, नळीत बर्फ ठासला. झाला हिवाळा. आता फिरवायला काहीतरी हवं होतं (ते घरातच मिळालं). शाई सोडायला ह्यांनी जुन्या दवाखान्यातली पिचकारी दिली. चाळीस वर्षं लोकांचे दात काढले, आता माझी खोडी काढतात. म्हणाले, "वारा बघायचाय तर पंखा लाव ना! तो फुकट धूळही दाखवेल."

पिचकारीने शाईचा थेंब सोडला आणि ताई, ती शाई भांड्याच्याही पुढे धावू लागली! (पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे तिच्या पुढे धावणारा तो पश्चिमेकडून आलेला वारा.) मग बर्फ काढून नळीत माझी खांदा शेकायची मिठाची गरम पुरचुंडी कोंबली. झाला उन्हाळा. शाई रेंगाळली, मागे पडली, भांड्याच्या उलट जाऊ लागली. मी टाळ्या वाजवल्या. हेही उठून आले, चष्मा पुसून वाकून बघत राहिले, आणि मग म्हणाले, "अगं, पण तुझी पृथ्वी उलटी फिरतेय!" खरंच की! भांडं घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत होतं. उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर पृथ्वी त्याच्या उलट फिरते. मी म्हटलं, मग हा दक्षिण ध्रुव. विषय संपला.

तर ताई, वाऱ्याला कुणीच काही सांगत नाही. तिथे वर ध्रुवावर गार आहे की गरम, एवढंच त्याला कळतं, आणि तो वळतो. इतकं साधं उत्तर, आणि तू त्यासाठी तासभर रडलीस.

तुझीच,
धाकटी

ता. क. घरात घड्याळाच्या काट्यांसारखं फिरणारं, मधे खुंटी असलेलं काय आहे, हे तू ओळखलंच असशील. केकच्या भांड्याची नळी त्या खुंटीभोवती अगदी मधोमध बसवली.

ता. क. २. खालून उघड्या नळीतून खुंटी वर येते तसा वितळलेला बर्फ खालीही जाईल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. हिवाळ्याचं सगळं पाणी आत गेलं, उन्हाळ्याचं मीठ त्यामागून. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, ह्यात समुद्र कुणी ओतला?" तबकडी अजून फिरते. आवाज मात्र गेला.

ता. क. ३. तरी रविवारी ये. येताना बर्फ आण, आमचा फ्रिज पुरा पडत नाही. वाटणी अशी ठरवली आहे: बाबांच्या सगळ्या रेकॉर्ड्स तुला, केकचं भांडं तुला, पिचकारी ह्यांना परत. त्या प्रश्नाचे मार्क तुला. शिक्षा मला. फक्त बाहेर मला एकटीला उभं करू नकोस.